परदेशातलं शिकवणं आटोपून ठाणे-नवी मुंबईत परतताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की घोडबंदर रोड, ऐरोली, नेरुळ, खारघर इथल्या आणि इथे परतू पाहणाऱ्या शिक्षकांचे मेसेज सुरू होतात. कुणी शारजात गणित शिकवत असतं, कुणी रियाधमध्ये केजी सांभाळत असतं, एखादी मस्कतहून रात्री अकराला व्हॉइस नोट पाठवते. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून ते इथे एकत्र केलेत. मी अमिरातीत शिकवलंय, त्यामुळे आखाताची उत्तरं ऐसपैस आहेत. जपान आणि अमेरिकेबद्दल कामापुरतंच. कराचे प्रश्न वाचून घ्या, पण रक्कम मोठी असेल तर सीएला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१. परतायचं नक्की झालंय. सुरुवात कुठून करू?

कॉन्ट्रॅक्ट काढा आणि नोटिशीचं कलम वाचा. अमिरातीत कायद्याने नोटिशीचा काळ ३० ते ९० दिवसांच्या मध्ये असतो. तुमचा नेमका किती ते कॉन्ट्रॅक्टमध्येच कळेल. राजीनामा ईमेलने द्या आणि एचआरकडून शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख लेखी घ्या. "बघू, वर्ष संपू दे" हे प्रिन्सिपलचं तोंडी उत्तर म्हणजे तारीख नव्हे.

मग क्रम असा : अनुभवाचं प्रमाणपत्र आणि बाकी कागद, घर-वीज-इंटरनेट, कुटुंबाचे व्हिसा, तुमचा व्हिसा, हिशेबाचे पैसे, आणि सगळ्यात शेवटी बँक. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आधी तिकीट काढतात, मग निरोपसमारंभांत दोन आठवडे घालवतात आणि शेवटच्या चार दिवसांत सह्यांसाठी धावतात. एमिरेट्स आयडी (तिथलं निवासी ओळखपत्र) चालू आहे तोवर जे काम दोन दिवसांत होतं, तेच ठाण्यात बसून करायला दोन महिने आणि एक एजंट लागतो.

२. परत यायला कोणता महिना बरा?

तुमची शाळा भारतीय अभ्यासक्रमाची असेल तर तिथलं वर्ष एप्रिल ते मार्च, ब्रिटिश किंवा अमेरिकन असेल तर सप्टेंबर ते जून. इकडे सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये भरू लागतात आणि राज्य मंडळाच्या जूनच्या मध्यावर. मुलं बरोबर असतील तर मार्चअखेर परतणं सगळ्यात सोयीचं.

जूनमध्ये परतणाऱ्यांना दोन त्रास. एक, तेव्हा दुबई-शारजातले निम्मे शिक्षक एकाच वेळी सोफे विकायला काढतात, त्यामुळे फर्निचरला कवडीचा भाव येतो. विक्री एप्रिलपासूनच सुरू करा. दुसरा, भर पावसात घर लावणं. मी माणसांना जूनचा पहिला पंधरवडा टाळायला सांगते, पण शाळा सोडेल तेव्हाच निघावं लागतं हेही खरं. कराच्या दृष्टीने महिन्याला महत्त्व आहे, ते प्रश्न ९ मध्ये.

३. ग्रॅच्युइटी किती मिळेल? शाळेने दिलेला आकडा बरोबर आहे हे कसं तपासू?

अमिरातीत एक वर्ष पूर्ण केलेल्याला पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचं आणि त्यानंतरच्या दर वर्षासाठी ३० दिवसांचं मूळ वेतन मिळतं. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होत नाही. हिशेब बेसिकवर होतो, हातात येणाऱ्या पगारावर नाही. सगळी गंमत इथे आहे.

समजा पगार ७,००० दिरहम, पण कॉन्ट्रॅक्टमध्ये बेसिक ४,००० आणि उरलेले घरभाडे, प्रवास वगैरे. सहा वर्षं झाली. एका दिवसाचं बेसिक म्हणजे ४,००० भागिले ३०. त्याचे २१ दिवस म्हणजे २,८००. पाच वर्षांचे १४,०००, सहाव्या वर्षाचे ४,०००, एकूण १८,००० दिरहम. बरेच जण ७,००० धरून मनात आकडा बांधतात आणि शेवटच्या दिवशी एचआरशी वाद घालतात. बिनपगारी रजेचे दिवस सेवेत धरत नाहीत, तेही वजा करा. पहिलं वर्ष झाल्यावर उरलेल्या तुकड्याचे पैसे मात्र प्रमाणात मिळतात, ते सोडू नका.

कॉन्ट्रॅक्ट संपल्यापासून १४ दिवसांत सगळे पैसे द्यायचे असतात. "फुल अँड फायनल मिळालं" अशा कागदावर सही करताना त्यात ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे आणि तिकीट यांच्या वेगवेगळ्या ओळी आहेत का ते पाहा. एकच गोळा आकडा असेल तर फोड मागा. मागितली म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी तुम्ही निघालाच आहात.

इतर देश थोडक्यात : ओमानमध्ये २०२३च्या नव्या कामगार कायद्यानुसार दर वर्षाला एका महिन्याचं बेसिक. कतारमध्ये दर वर्षाला किमान तीन आठवड्यांचं. कुवेतमध्ये मासिक पगारदारांना पहिली पाच वर्षं १५ दिवसांचं आणि पुढे महिन्याचं, कमाल दीड वर्षाच्या पगाराइतकं. सौदीचं गणित वेगळं आहे, ते पुढच्या प्रश्नात.

४. मी स्वतः राजीनामा देतेय. मग ग्रॅच्युइटी कापतात ना?

अमिरातीत आता नाही. २ फेब्रुवारी २०२२पासून नवा कायदा लागू आहे आणि त्यात राजीनामा दिला म्हणून कपात नाही. जुन्या कायद्यात होती, म्हणून स्टाफरूममधले जुने लोक अजून "एक तृतीयांशच मिळतं" असं सांगतात. ऐकून सोडून द्या.

सौदीत मात्र कापतात. तिथे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढे पूर्ण महिन्याचा पगार असा हिशेब, पण राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश, दहा वर्षांनंतर पूर्ण. यात बायकांसाठी एक सवलत आहे जी फार थोड्या जणींना माहीत असते : लग्नानंतर सहा महिन्यांत किंवा बाळंतपणानंतर तीन महिन्यांत राजीनामा दिला तर पूर्ण रक्कम मिळते. पाच वर्षं व्हायला दोन महिने बाकी असतील तर राजीनाम्याची तारीख पुढे ढकलण्यात शहाणपण आहे, हे सांगायला नकोच.

५. अनुभवाच्या प्रमाणपत्रात नेमकं काय लिहून घ्यायचं?

शाळा छापील नमुना देतात : "सौ. अमुक यांनी आमच्याकडे शिक्षिका म्हणून काम केले, त्यांना शुभेच्छा." हा कागद इथे कुठेही चालत नाही. चालतो तो असा : रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिवसासकट, पद, पूर्णवेळ नेमणूक असल्याचा उल्लेख, विषय, कोणत्या इयत्ता, शाळा कोणत्या बोर्डाशी संलग्न आहे आणि तिचा संलग्नता क्रमांक, शेवटचा पगार, प्रिन्सिपलची सही, शिक्का आणि शाळेचा लँडलाइन नंबर. नाव पासपोर्टवर आहे तसंच. लग्नानंतरचं आडनाव पासपोर्टवर आहे पण बी.एड.वर नाही, असं असेल तर दोन्ही नावं लिहून घ्या. नाहीतर इथे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका मॅडमच्या पत्रात इयत्ताच नव्हत्या. त्यांनी नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवलेलं, पण इथल्या शाळेने प्राथमिकच्या श्रेणीत बसवायला घेतलं. दुरुस्त पत्र मागवलं तेव्हा तिकडचा प्रिन्सिपल बदलला होता आणि नव्या माणसाला यांचं नावही माहीत नव्हतं. एक ओळ आधी लिहून घेतली असती तर हा सगळा व्याप टळला असता.

तीन मूळ प्रती घ्या. शिवाय पगारपत्रकं, पहिलं नेमणूकपत्र, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, वर्गनिरीक्षणाचे अहवाल जमेल तेवढे. गुड कंडक्ट, म्हणजे पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, आयडी चालू असतानाच काढा.

६. अटेस्टेशन की अपोस्टिल? मला कोणतं लागेल?

देशावर आहे. दोन्ही म्हणजे कागद खरा असल्याची सरकारी खूण; अपोस्टिलला एकच शिक्का पुरतो, अटेस्टेशनला शिक्क्यांची साखळी लागते. सौदी, ओमान, बहरीन, जपान, दक्षिण कोरिया, अमेरिका हे देश अपोस्टिलच्या करारात आहेत आणि भारतही आहे. तिथल्या कागदावर तिथल्या सरकारचा अपोस्टिल शिक्का बसला की काम झालं. सौदी डिसेंबर २०२२मध्ये आत आला, त्यामुळे त्याआधी परतलेल्यांचा सल्ला जुना आहे. अमिरात, कतार आणि कुवेत या करारात नाहीत. तिथे आधी त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि मग भारतीय दूतावासाचा, अशी साखळी.

सगळ्या कागदांना शिक्के मारत सुटू नका, प्रत्येकाला पैसे पडतात. अनुभवाचं एक पत्र आणि मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले एवढं सहसा पुरतं.

७. मी तयार केलेले वर्कशीट, पाठ टाचणं, प्रेझेंटेशन घरी आणू शकते का?

तुम्ही नोकरीत असताना बनवलेलं साहित्य बऱ्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये शाळेच्या मालकीचं असतं. कलम वाचा आणि प्रिन्सिपलला विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, पण ते ईमेलमध्ये असू द्या. मुलांची नावं, गुण, फोटो यातलं काहीही आणू नका. निरोपाच्या दिवशीचे मुलांबरोबरचे फोटोसुद्धा सोशल मीडियावर टाकू नका. अमिरातीत परवानगीशिवाय दुसऱ्याचे फोटो टाकण्याबद्दल कायदा कडक आहे.

शाळेचा ईमेल शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंद होतो असं धरून चाला. त्या ईमेलवर काढलेली ऑनलाइन कोर्सची खाती आधीच स्वतःच्या पत्त्यावर वळवा. परीक्षेच्या सॉफ्टवेअरचे पासवर्ड, वाचनालयाची पुस्तकं, लॅबची किल्ली, लॅपटॉपचा चार्जर यांची पोच घ्या. चार्जरवरून क्लिअरन्स अडल्याचं मी पाहिलंय.

८. घर, वीज, बँक, मोबाइल : कशाच्या आधी काय?

आधी घरमालकाला नोटीस. घर सोडलं की दुबईत इजारी (भाडेकराराची सरकारी नोंदणी) रद्द करायचं आणि देवाचं शेवटचं बिल काढायचं. देवा म्हणजे तिथलं वीज-पाणी मंडळ. फ्लॅटला २,००० आणि व्हिलाला ४,००० दिरहम डिपॉझिट घेतलेलं असतं, ते परत मागा. लोक विसरतात, कारण सहा वर्षांपूर्वी भरलेलं असतं.

नवऱ्याचा किंवा मुलांचा व्हिसा तुमच्या नावावर असेल तर ते आधी रद्द करावे लागतात, मगच तुमचा. रद्द केल्याच्या कागदावर देश सोडायची शेवटची तारीख छापलेली असते. तीच खरी धरा, मैत्रिणीला किती दिवस मिळाले होते ते नव्हे.

कर्ज किंवा क्रेडिट कार्ड असेल तर बँकेत स्वतः जा. शेवटचा पगार जमा होताच बँक खातं रोखून धरू शकते, आणि थकबाकी ठेवून निघालं तर प्रकरण प्रवासबंदीपर्यंत जाऊ शकतं. कार्ड बंद केल्याचं आणि काही देणं नसल्याचं पत्र घ्या. ग्रॅच्युइटी जमा होईपर्यंत खातं बंद करू नका आणि तिथला मोबाइल नंबरही रोमिंगवर चालू ठेवा. ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे.

९. यंदा कर भरावा लागेल का? मी तर एनआरआय आहे.

एनआरआय असणं हा दर वर्षी नव्याने ठरणारा हिशेब आहे. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात १८२ दिवस झाले की तुम्ही त्या वर्षापुरते रहिवासी. साध्या वर्षात १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे बरोबर १८२ दिवस होतात. म्हणजे जुलैत परतलात तर रहिवासी, डिसेंबरात परतलात तर बहुधा नाही. "बहुधा" अशासाठी की ६० दिवसांची दुसरी कसोटीही आहे : त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. सुट्टीवर येणाऱ्याला यातून सूट आहे, कायमचं परतणाऱ्याला ती मिळते का यावर वाद आहेत. दोन-तीन वर्षंच बाहेर राहिलेल्यांना ही कसोटी लागू शकते, कारण आधीची वर्षं पूर्ण इथलीच.

रहिवासी झालात तरी घाबरू नका. आधीच्या सात वर्षांत तुमचे भारतातले दिवस ७२९ किंवा कमी असतील, किंवा आधीच्या दहापैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, तर तुम्ही आरएनओआर, म्हणजे रहिवासी असूनही "सामान्यतः रहिवासी नसलेले", ठरता. या अवस्थेत परदेशात कमावलेल्या आणि परदेशातच घेतलेल्या पगारावर इथे कर नाही. सात वर्षं बाहेर, दर उन्हाळ्यात दोन महिने माहेरी-सासरी, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास दिवस. अशा बाई निवांत. पण तीनच वर्षं बाहेर राहून जूनमध्ये परतणारा शिक्षक सरळ पूर्ण रहिवासी होतो, आणि मग त्याच एप्रिल-मे-जूनचा तिथला पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. तिथे कर नव्हता म्हणून इथेही नाही, असं होत नाही.

ग्रॅच्युइटी शक्यतो तिथल्या खात्यात घ्या आणि मग इकडे पाठवा. भारतात थेट मिळालेल्या उत्पन्नाला अनिवासी असल्याचा फायदा मिळत नाही. पॅन-आधार जोडणीची सूटही रहिवासी झाल्यावर जाते, तेवढं लगेच उरका.

१०. एनआरई खातं (अनिवासींचं रुपयांतलं खातं) चालू ठेवलं तर कुणाला कळतंय?

कळतं की नाही यापेक्षा, परकीय चलनाच्या कायद्यात तुम्ही परत आल्याबरोबर रहिवासी ठरता, आणि खातं रहिवासी करून घ्यायची जबाबदारी तुमची असते. प्राप्तिकराचे दिवस (प्रश्न ९) वेगळे आणि हे वेगळं. अनिवासी असताना एनआरईचं व्याज करमुक्त असतं, नंतर नाही. एफसीएनआर (अनिवासींची परकीय चलनातली) ठेव मुदत संपेपर्यंत ठरलेल्या व्याजाने ठेवता येते. डॉलर-दिरहम तसेच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे रहिवाशाचं परकीय चलनाचं, खातं उघडा. परदेशात असताना तिथे घेतलेली ठेव किंवा घर परतल्यावरही ठेवता येतं, मात्र पूर्ण रहिवासी झाल्यावर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं.

११. सोनं आणि सामान किती आणता येतं?

एक वर्षाहून जास्त काळ बाहेर राहून परतणाऱ्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय. दागिने म्हणजे दागिनेच. नाणी आणि बिस्किटं त्यात येत नाहीत. इथून जाताना नेलेलं मंगळसूत्र-पाटल्या आपल्याच आहेत हे दाखवायला जुनी पावती जवळ असू द्या. एक लॅपटॉप चालतो. मोठा टीव्ही आणू नका. शुल्क आणि काळजी धरता तो इथेच घेतलेला बरा.

कार्गो समुद्रमार्गे आला तर तो न्हावा शेव्याला उतरतो. नवी मुंबईकरांना वाटतं, हाकेच्या अंतरावर आहे, आपणच जाऊन आणू. कस्टमच्या कागदांना अंतर कळत नाही, एजंट लागतोच. खोक्यांवर नंबर घाला आणि प्रत्येक खोक्यातल्या वस्तूंची यादी पासपोर्टच्या प्रतीबरोबर ठेवा. पुस्तकं लहान खोक्यांत भरा. शिक्षकांच्या सामानात पुस्तकंच जड असतात आणि मोठं खोकं तळातून फाटतं.

तिकीट काढताना विमानतळ बघा. डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय; त्याचा कोड एनएमआय, मुंबईचा बीओएम. दुसऱ्या विमानाला जोडून येणार असाल तर दोन्हीत गल्लत झाली की सहा बॅगा घेऊन शहर ओलांडावं लागेल. टॅक्सीला निदान वाशी, ऐरोली किंवा मुलुंडचा टोल पडत नाही. हलक्या वाहनांना तो ऑक्टोबर २०२४पासून माफ आहे.

१२. इथला फ्लॅट भाड्याने दिलाय. भाडेकरूला कधी सांगू?

लिव्ह अँड लायसन्स करारात नोटिशीचा काळ लिहिलेला असतो, साधारण महिनाभर. मुलं असलेल्या भाडेकरूला जास्त वेळ द्या. त्यांनाही मार्चनंतरच हलायचं असतं आणि भांडून घेतलेल्या घराच्या किल्ल्या वेळेवर मिळत नाहीत.

परत आलात की सोसायटीला लेखी कळवा. फ्लॅट भाड्याने असताना सोसायटी ना-वापर शुल्क लावते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. तुम्ही राहायला आलात तरी बिलात ते आपोआप बंद होत नाही. पालिकेचा मालमत्ता कर आणि महावितरणची थकबाकी भाडेकरू असतानाच तपासा.

भाडेकरू राहूच देणार असाल तर : तुम्ही अनिवासी असताना त्याने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. रहिवासी झाल्यावर नियम बदलतो, महिना ५०,००० रुपयांहून जास्त भाडं असेल तरच २ टक्के. त्याला लेखी कळवा, नाहीतर बिचारा जुनंच कापत राहतो.

१३. मुलगी सहावीत आहे आणि मराठी अजिबात येत नाही. प्रवेश मिळेल का?

प्रवेश मिळेल, पण मराठी सुटणार नाही. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने पहिली ते दहावी सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, आंतरराष्ट्रीय शाळाही आल्या. निघण्याआधीच्या सहा महिन्यांत घरी बाराखडी सुरू करा. हिंदी येत असेल तर लिपीचं ओझं नाही. आजी-आजोबांशी रोजचा फोन हा फुकटचा क्लास आहे, तो इंग्रजीत वाया घालवू नका.

दाखल्यावर तिथल्या शिक्षण खात्याचा शिक्का घ्या (प्रश्न ६). नववी किंवा अकरावीच्या अधेमध्ये आणणं टाळा. सीबीएसईची नोंदणी या दोन इयत्तांत होते, त्यामुळे दहावी-बारावीत थेट प्रवेश अवघड जातो. अकरावीचा राज्य मंडळाचा प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो, त्याचं वेळापत्रक कुणासाठी थांबत नाही.

मूल अमेरिकेत जन्मलं असेल तर ते तिथलं नागरिक आहे. त्याला ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड किंवा व्हिसा लागतो, आणि हे काम तिथून निघण्याआधीच करायचं.

१४. इथे नोकरी मिळेल का? परदेशी अनुभव मोजतात का?

अनुदानित शाळेत जायचं असेल तर टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता चाचणी आणि पवित्र हे सरकारी शिक्षकभरतीचं पोर्टल हा रस्ता, आणि तिथे परदेशी अनुभवाला फारसं वजन नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालानंतर टीईटीला बगल देण्याचे दिवस संपल्यासारखेच आहेत. बी.एड. नसताना तिकडे शिकवत होतात तर आधी त्याचं बघा.

विनाअनुदानित सीबीएसई, आयसीएसई आणि आंतरराष्ट्रीय शाळा स्वतः भरती करतात, साधारण जानेवारी ते एप्रिल. घोडबंदर पट्ट्यात आणि वाशी-नेरुळ-खारघरमध्ये अशा शाळा भरपूर आहेत. अर्ज तिथे असतानाच पाठवा, पहिली मुलाखत ऑनलाइन होते. डेमो मात्र वर्गात द्यावा लागतो, आणि माझ्या मते निकाल तिथेच लागतो. तिथे पंचवीस मुलं आणि एक असिस्टंट असायची, इथे चाळीस-पंचेचाळीस आणि तुम्ही एकट्या. डेमोत टॅबलेटवरचे खेळ दाखवण्यापेक्षा मागच्या बाकावरच्या मुलाला प्रश्न विचारा.

पगाराची दिरहमला रुपयांनी गुणून तुलना करू नका. घरभाडं वाचतंय, ते धरा. तरीही तो कमीच आहे, हे मान्य.

१५. आरोग्यविमा परतल्यावर घेऊ का?

आधीच घ्या. तिथला शाळेचा विमा व्हिसाबरोबर संपतो आणि इथल्या नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. आधीपासूनच्या आजारांना कमाल तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तिथली वर्षं त्यात मोजली जात नाहीत. बीपी, शुगर लपवू नका, दावा तिथेच फसतो.

१६. वाहन परवाना संपलाय. पुन्हा टेस्ट?

संपून एक वर्षाच्या आत असाल तर टेस्टशिवाय नूतनीकरण होतं. त्यापुढे टेस्ट द्यावी लागते. ठाण्याचं आरटीओ एमएच-०४, नवी मुंबईचं एमएच-४३. पत्ता बदलला असेल तर तोही सोबतच बदला.

१७. जपानमधून परततोय. तिथे भरलेलं पेन्शन बुडालं का?

नाही. सहा महिने किंवा जास्त भरलं असेल तर एकरकमी परतावा मिळतो, सध्या जास्तीत जास्त पाच वर्षांच्या भरण्यापर्यंत. निघताना पालिकेत स्थलांतराची नोंद करा आणि देश सोडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करा. नोकरदारांच्या पेन्शनच्या परताव्यातून २०.४२ टक्के कर कापतात. तो परत मागायला जपानमध्ये कर-प्रतिनिधी लागतो, निघण्यापूर्वी एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला नेमा.

भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६पासून लागू आहे. त्यामुळे दोन्हीकडची वर्षं जोडून पेन्शनची पात्रता मोजता येते, पण एकरकमी पैसे घेतलेत की ती वर्षं पुसली जातात. पुन्हा जपानला जायचा विचार असेल तर घाई नको. शिवाय १ जानेवारीला तुम्ही तिथे राहत असाल तर त्या वर्षी येणारा रहिवासी कर निघून गेलात तरी द्यावाच लागतो.

१८. अमेरिकेत जे-१ (एक्स्चेंज कार्यक्रमाच्या) व्हिसावर शिकवतोय. मुदत संपल्यावर थोडं फिरून येऊ का?

कार्यक्रम संपल्यावर ३० दिवस मिळतात. त्यात फिरा, पण काम करता येत नाही आणि त्या काळात कॅनडा-मेक्सिकोला गेलात तर त्याच व्हिसावर परत आत येता येत नाही. पुन्हा शिक्षक म्हणून याच कार्यक्रमात जायचं तर आधी दोन वर्षं अमेरिकेबाहेर राहावं लागतं.

डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) पुढच्या जानेवारीअखेरपर्यंत निघतो, तेव्हा तुम्ही इथे असाल. शाळेला इथला पत्ता आणि स्वतःचा ईमेल द्या. विवरणपत्राची तारीख १५ एप्रिल. जपानसारखा सामाजिक सुरक्षेचा करार अमेरिकेशी नाही.

१९. मी आणि मुलं परततोय, नवरा तिकडेच राहणार. काही वेगळं?

मुलांचे व्हिसा तुमच्या नावावर असतील तर रद्द करण्याऐवजी त्यांच्या वडिलांच्या नावावर घेता येतात, पण अमिरातीबाहेर सलग १८० दिवस राहिलं की निवासी व्हिसा सहसा संपतो. तेवढ्यात एक फेरी होणार नसेल तर सरळ रद्द करा. कराचा हिशेब तुमचा वेगळा आणि त्यांचा वेगळा (प्रश्न ९). त्यांचं एनआरई खातं त्यांच्या नावावर चालू राहतं. त्यात रहिवासी पत्नीचं नाव दुसरं ठेवता येतं, मात्र पहिला खातेदार तेच. घरखर्चाला पाठवलेल्या पैशांवर तुम्हाला कर नाही.

२०. सुट्टीत घरी आलेय, परत जायची इच्छा नाही. इथूनच राजीनामा पाठवला तर?

हा प्रश्न दर ऑगस्टमध्ये येतो. अमिरातीत कारणाशिवाय सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर राहिलं तर शाळा नोटीस न देता काढू शकते, आणि पळून गेल्याची नोंद झाली तर पुढे पुन्हा तिथे काम मिळणं अवघड. शिवाय घर, वीज, बँक सगळं उघडं राहतं. तुमच्या सामानाची खोकी कोण भरणार?

आई-वडिलांचं आजारपण वगैरे खरं कारण असेल तर रजा संपायच्या आत शाळेला डॉक्टरांच्या कागदांसह लिहा आणि नोटीस काळ बिनपगारी धरायची किंवा माफ करायची विनंती करा. बऱ्याच शाळा सप्टेंबरच्या धांदलीआधी बदली शिक्षक मिळावा म्हणून तयार होतात. तिथल्या एका विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र द्या. तेही शिक्क्यांच्या साखळीतूनच जातं (प्रश्न ६). जमत असेल तर आठवडाभर स्वतः जाऊन या. एका तिकिटाच्या पैशात सह्या, डिपॉझिट आणि ग्रॅच्युइटी तिन्ही पदरात पडतात.